कौन्सिलात गेलेला जिना

मी शिकवत होते ती मुलींची शाळा सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत होती. खाली सूत रंगवायची जागा आणि वर शाळा. हौदांतली वाफ दिवसभर वर यायची आणि तिचा तुरट वास मुलींच्या दप्तरांना, माझ्या लुगड्याच्या पदराला बसून राहायचा. त्या वासाची सवय झाली. जिन्याची झाली नाही. बाहेरच्या अंगाने वर जाणारा लाकडी जिना होता, मधल्या तीन पायऱ्या कुजलेल्या आणि एका बाजूला कठडाच नाही. पहिलीतल्या पोरी हात टेकत रांगल्यासारख्या चढायच्या. मोठ्या मुली कुजक्या पायऱ्यांवरून उडी मारायच्या आणि एकमेकींकडे बघून हसायच्या. मी खाली उभी राहून एकेकीला उतरवून घ्यायचे.

ती इमारत स्कूल बोर्डाच्या एका मेंबराची होती. हे पेठेतल्या सगळ्यांना माहीत होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. मी जिन्याबद्दल तीन अर्ज केले. पहिल्याला उत्तर आलं नाही. दुसऱ्याला आलं, की अर्जाचा विचार चालू आहे. तिसरा अर्ज हेडबाईंकडे परत आला आणि त्यावर शेरा होता, की असिस्टंट शिक्षिकेने वरिष्ठांना डावलून लिहू नये. हेडबाई भल्या होत्या. त्यांच्या पेन्शनीला दीड वर्ष उरलं होतं. त्यांनी तो कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, “आता पुरे करा हो बाई. माझ्याच्यानं हे निभत नाही.”

मग एका शनिवारी सकाळची शाळा सुटताना व्हायचं ते झालं. चौथीतली एक मुलगी पहिलीतल्या धाकट्या बहिणीचा हात धरून उतरत होती. मी वरच होते, फळा पुसत. लाकूड मोडल्याचा आवाज आला. धावत बाहेर आले तर धाकटी पायरीवर बसून ओरडत होती. थोरलीने पडता पडता तिला मागे ढकललं होतं. थोरली खाली हौदाच्या दगडी काठावर पडली होती आणि तिचा डावा हात कोपरापासून भलतीकडेच वळला होता. रंगाऱ्याने तिला उचललं. तो निळीत काम करत होता. तिच्या पिवळ्या पोलक्यावर त्याच्या निळ्या पंजांचे ठसे उमटले, ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीत. ती रडत नव्हती. “बाई, माझी पाटी फुटली का?” एवढंच तिने विचारलं.

आधी हाडवैद्य झाला, मग सिव्हिल हॉस्पिटल. हात वाकडाच राहिला. तिच्या आईने दोघींनाही शाळेत पाठवणं बंद केलं. मी तिच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

त्या काळी आमच्या भागात सक्तीच्या शिक्षणाचा कायदा नुकता लागू झाला होता. पोरीला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना आधी समज, मग नोटीस, मग कोर्ट. कायदा चांगलाच होता. मागाशेजारी बसून सुताच्या कांड्या भरणाऱ्या कितीतरी मुली त्या कायद्यामुळे माझ्या वर्गात आल्या होत्या, आणि त्याबद्दल मी मनातून त्याला हात जोडले होते. गैरहजर मुलींची यादी दर महिन्याला हजेरीपटावरून निघायची. हजेरीपट माझा होता. त्या दोघींच्या नावांपुढे महिनाभर गैरहजेरीच्या खुणा मीच केल्या होत्या. याद्या तयार करणाऱ्या कारकुनाने मुलगी का येत नाही हे विचारलं नाही. विचारायचा रकानाच नव्हता.

एका दुपारी त्या दोघींची आई नोटीस घेऊन शाळेत आली. वर चढली नाही. खालूनच हाक मारली. मी उतरले.

“बाई, ह्ये कागद कसला?” तिने कागद उलटा धरला होता.

मी वाचला. मी म्हटलं, “मुलींना शाळेत पाठवत नाही म्हणून सरकारने विचारलंय.”

“सरकार विचारतंय?” ती म्हणाली. “पोरगी पडली तवा कोण इचारलं न्हाय की. आता मलाच इचारतंय? आमचं नाव कोण दिलं तितं?”

“मी दिलं,” मी म्हटलं.

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने कागदाची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, “आता पाठवू काय, सांगा. तुमी म्हणाल तसं.”

मी जिन्याकडे बघितलं. मोडलेल्या पायरीच्या जागी कुणीतरी दोरी बांधली होती. मी म्हटलं, “नका पाठवू.”

घरी गेल्यावर मी चुलीपुढे बसून इतकी चिडले, की भाकरी तव्यावर करपली ते कळलं नाही. माझे यजमान एका वकिलांकडे टायपिस्ट होते. ते शांत माणूस. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “कौन्सिलात प्रश्न विचारायला लावू.”

कौन्सिल म्हणजे मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ, त्यांनी मला समजावून सांगितलं. पोलीस, जमीनमहसूल ही खाती गोऱ्या साहेबांनी स्वतःकडे ठेवलीत, ती राखीव. शिक्षण, दवाखाने ही सोपीव, म्हणजे आपल्या माणसांकडे सोपवलेली. शिक्षणाचा मिनिस्टर आपलाच, निवडून आलेला. कौन्सिलात कुणीही सभासद उठून त्याला जाब विचारू शकतो आणि त्याला उत्तर द्यावंच लागतं. उत्तर छापलं जातं. “इथे साहेबाला नावं ठेवायची सोय नाही,” ते म्हणाले, “पण खोटं बोलायचीही सोय नाही.”

मला ते पटलं. खरं तर मी हरखून गेले. आपला जिना पुण्याच्या कौन्सिल हॉलात जाणार!

आमच्या जिल्ह्यातून निवडून गेलेले सभासद वकील होते. यजमानांची ओळख होती, म्हणून आम्ही दोघं त्यांच्याकडे गेलो. त्यांनी अगत्याने चहा दिला, मला खुर्ची दिली, माझं बोलणं न तोडता ऐकलं. मग कागद ओढून इंग्रजीत चार कलमं लिहिली आणि मराठीत वाचून दाखवली. अमुक शाळेचा जिना मोडका आहे हे खरं काय? त्यावरून पडून एक मुलगी जखमी झाली हे खरं काय? ती इमारत स्कूल बोर्डाच्या मेंबराच्या मालकीची आहे हे खरं काय? त्या मुलीच्या आईवरच नोटीस बजावली हे खरं काय?

“तुमचं नाव कुठे येणार नाही, बाई,” ते म्हणाले. “आणि उत्तर आलं की पुरवणी प्रश्न विचारीन. तिथे मिनिस्टरची खरी परीक्षा होते.”

दोन महिने गेले. एक दिवस शाळेचा शिपाई वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला. तो अक्कलकोटकडचा होता, घरी कानडी बोलायचा. “बाई, हेडबाई बोलवायलेत. लई मोठ्ठा कागद आलाय की.”

हेडबाईंच्या टेबलावर एक जाड लखोटा होता. लखोट्यावर शिक्क्यांवर शिक्के. मुंबईच्या सेक्रेटरिएटमधून कलेक्टरकडे, कलेक्टरकडून मुनसिपालटीकडे, तिथून स्कूल बोर्डाच्या ऑफिसरकडे, ऑफिसरकडून हेडबाईंकडे, आणि हेडबाईंनी पेन्सिलीने कोपऱ्यात माझं नाव लिहिलं होतं. आत तीच चार कलमं होती. खाली लाल शाईत, ‘माहिती उद्यापर्यंत द्यावी.’

मी विचारलेला प्रश्न सगळीकडे हिंडून माझ्याकडेच उत्तरासाठी आला होता. मिनिस्टरला काही माहीत नव्हतं. सेक्रेटरीला नव्हतं. ज्याला माहीत नव्हतं त्याने खालच्याला विचारलं, आणि सगळ्यांत खाली मी होते. त्या वेळी मला याचा राग आला नाही, आनंद झाला. म्हटलं, आता कोण आडवं येणार? मी घरी बसून चार पानं भरून लिहिलं. कुठली पायरी केव्हा मोडली, कोणत्या दिवशी अर्ज केला, मुलगी कशी पडली, सगळं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसरनी बोलावलं. तरुण होते, बी. ए. झालेले, बोलायला मऊ. माझी चार पानं त्यांच्यापुढे होती.

“बाई, निबंध छान आहे,” ते म्हणाले. “पण कौन्सिलला उत्तर असं जात नाही. त्यांनी ‘हे खरं काय’ असं विचारलंय. आपण हो म्हणायचं किंवा नाही म्हणायचं. आता बघा. जिना मोडका आहे काय?”

“आहे.”

“आज सकाळी बघितलात?”

मी बघितला होता. सकाळी एक सुतार येऊन तीन फळ्या ठोकून गेला होता. जुन्या कुजक्या लाकडावरच ठोकल्या होत्या, पण ठोकल्या होत्या.

“म्हणजे मोडका नाही,” ते म्हणाले आणि लिहिलं. “मुलगी पडली?”

“पडली.”

“उतरताना पडली. जिन्यामुळे पडली की पळाल्यामुळे, तुम्ही डोळ्यांनी पाहिलं?”

“मी फळा पुसत होते.”

“मग लिहू या, ‘एक मुलगी घसरली असे समजते.’ इमारत मेंबरची? कागदोपत्री मालक त्यांची पत्नी आहे. म्हणजे नाही. नोटीस बजावली? बजावली, कायद्याप्रमाणे. हे मात्र हो.” त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. “यात एकही वाक्य खोटं असलं तर दाखवा.”

मी दोनदा वाचलं. एकही वाक्य खोटं नव्हतं.

मी सही केली. आज कुणी विचारलं का केलीस, तर मी एवढंच सांगू शकते, की पुरवणी प्रश्नांवर माझा भरवसा होता. मनात म्हटलं, करा काय करायचं ते, भरल्या सभागृहात आमचा वकील एकेक फळी उचकटून दाखवेल. त्याच संध्याकाळी यजमानांनी दोन प्रश्न सुवाच्य इंग्रजीत लिहून वकिलांना दिले. जिना दुरुस्त केव्हा केला? मालकीणबाईंचे यजमान बोर्डाचे मेंबर आहेत की नाही?

पावसाळ्यात कौन्सिलचं काम पुण्यात चाले. वकिलांनी पास मिळवून दिले आणि मी आयुष्यात पहिल्यांदा रजा घेऊन, यजमानांबरोबर रेल्वेने पुण्याला गेले. कौन्सिल हॉलच्या गॅलरीत बसले. खाली गुळगुळीत बाकं, पगड्या, कोट, उंच खुर्चीवर प्रेसिडेंट. आपली माणसं होती सगळी. माझा ऊर भरून आला होता, खोटं कशाला सांगू.

प्रश्नांचा तास सुरू झाला. यजमान कानाशी लागून मराठीत सांगत होते. आमच्या वकिलांनी उभं राहून फक्त प्रश्नाचा नंबर उच्चारला. कलमं कुणी वाचलीच नाहीत, ती आधीच छापून सगळ्यांच्या हातात होती. मिनिस्टरनी चष्मा लावला आणि वाचलं. अ, नाही. ब, एक मुलगी घसरली असे समजते. क, नाही. ड, होय, कायद्याप्रमाणे. ती माझी सही असलेली उत्तरं होती, आणि मिनिस्टर ती अशा आवाजात वाचत होते, की जणू त्यांनी स्वतः जिना चढून पाहिला आहे.

वकील पुन्हा उठले. “जिना कोणत्या तारखेला दुरुस्त झाला?”

मिनिस्टर म्हणाले, “त्यासाठी मला नोटीस हवी.” म्हणजे हा प्रश्न आधी लेखी द्यायला हवा होता, यजमान कानात म्हणाले.

“इमारतीच्या मालकीणबाई बोर्डाच्या कुणा मेंबरच्या पत्नी आहेत काय?”

“मला नोटीस हवी.”

मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, की सन्माननीय सभासदांना बायकांच्या मालमत्तेची फार काळजी दिसते. सभागृह हसलं. मिनिस्टर हसले. प्रेसिडेंटनी हातोडा उचलला, पण तेही हसत होते. आणि आमचे वकील, ते सुद्धा हसले, आणि खाली बसले. पुढचा प्रश्न पुकारला गेला.

मी उठून उभी राहिले. काहीतरी ओरडणार होते. यजमानांनी माझा दंड धरून मला खाली बसवलं. आजही मला त्यांचा तो हात आठवतो आणि राग येतो, त्यांच्यावर आणि बसले म्हणून माझ्यावर.

बाहेर व्हरांड्यात मी वकिलांना गाठलं. ते खुशीत होते.

“झालं ना बाई तुमचं काम! उद्या छापून येईल.”

“काय छापून येईल?” मी म्हटलं. “जिना मोडका नाही, हे छापून येईल.”

“अहो, प्रश्न तर नोंदला गेला.”

“पुन्हा विचारा. त्यांनी नोटीस मागितली ना? द्या नोटीस.”

त्यांनी घड्याळ बघितलं. “या अधिवेशनात आता वेळ नाही. पुढच्या वेळी पाहू. आणि बाई, ते मेंबर माझ्या ओळखीचे आहेत. मी त्यांच्याशी खासगीत बोलेन. अशा गोष्टी बोलून मिटतात.”

“मग आधीच खासगीत बोलायचं होतं,” मी म्हटलं. “कशाला हसायला लावलंत त्या लोकांना? त्या पोरीचा हात बघितलाय तुम्ही?”

त्यांनी यजमानांकडे बघितलं, माझ्याकडे नाही. “बाईंना जरा समजावून सांगा,” म्हणाले आणि गेले.

सोलापूरला परत येताना गाडीत मी यजमानांकडे पाठ करून बसले. पुढचं अधिवेशन आलं आणि गेलं. प्रश्न पुन्हा विचारला गेला नाही.

तिकडे त्या मुलींच्या आईवरचा खटला उभा राहिला. हजेरीपट सिद्ध करायला बोर्डाने साक्षीला मलाच बोलावलं. मला वाटतं ऑफिसरना खात्री होती, की एकदा सही केलेली बाई दुसऱ्यांदाही करेल.

मॅजिस्ट्रेट एक वयस्क गृहस्थ होते, सरकारने नेमलेले. मला त्यांच्याकडून काही आशा नव्हती. मला हजेरीपट दाखवून विचारलं, अक्षर तुमचं का?

“माझं,” मी म्हटलं. “आणि या मुली अजून येत नाहीत त्या मी पाठवू नका म्हटलं म्हणून. आईचा दोष नाही.”

बोर्डाचा वकील ताडकन उठला. मॅजिस्ट्रेटनी त्याला हाताने खाली बसवलं. “का म्हणालात?”

मी सांगितलं. त्यांनी विचारलं, पायरी केव्हा मोडली? नव्या फळ्या केव्हा ठोकल्या? जुन्या काढल्या की तशाच ठेवल्या? इमारत कुणाची? पत्नीच्या नावावर म्हणजे कुणाच्या पत्नीच्या? एकामागून एक विचारत गेले आणि मी उत्तरं देत गेले. मग त्यांनी मुलीला पुढे बोलावलं, बाही वर करायला सांगितली आणि हात बघितला. पंधरा मिनिटंही लागली नसतील. मुलींना न पाठवण्याला सबळ कारण आहे असं म्हणून त्यांनी आईला सोडून दिलं.

मला तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मी कोर्टाच्या पायरीवर बसून संतापाने रडले. निवडून दिलेल्या एवढ्या माणसांना जे विचारता आलं नाही ते या एका म्हाताऱ्याने सहज विचारलं होतं, आणि त्याला तिथे आम्ही कुणी बसवलं नव्हतं. हा हिशेब मला लागेना. अजून लागलेला नाही.

महिन्याच्या आत माझी बदली शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत झाली. तिथे जिना नव्हता, सगळं तळमजल्यावर होतं. हेडबाईंनी निरोपाच्या वेळी माझ्या हातात नारळ दिला आणि डोळे पुसले. जुन्या शाळेचा जिना त्या ठोकलेल्या फळ्यांवर आणखी काही वर्षं चालला. पुढे मालकाला वरच्या मजल्यावर माग बसवायचे होते म्हणून शाळा दुसरीकडे गेली.

त्या दोघी बहिणी शाळेत परत आल्या नाहीत. कोर्टाने सबळ कारण मान्य केलं, मग कोण कशाला बोलावील? मी काही रविवार त्यांच्या घरी जाऊन शिकवायचा प्रयत्न केला. थोरली एका हाताने कांड्या भरायला शिकली होती आणि धाकटी तिच्या शेजारी बसून सूत सोडवत असायची. आईने मला बसायला पाट दिला, ताक दिलं. मग म्हणाली, “बाई, रविवारी माल द्यायचा असतंय. तुमी उगं कशाला एवढं लांबनं येताय?” तिच्या बोलण्यात राग नव्हता. मी बरोबर नेलेल्या पाट्या तिथेच ठेवून आले. थोरलीला चौथीपर्यंतचं येत होतं. धाकटीची अक्षरओळख ‘म’पर्यंत झाली होती.